बाईंच्या पगाराचे फॉल

परवा विहीणबाईंना द्यायची साडी घेऊन चिकपेटेत गेले. मेट्रोतून उतरून नेहमीच्या गल्लीत शिरले आणि दुकानदाराला म्हटलं, फॉल लावून द्या, पण आधी भिजवून घ्या. तो हसला. हे फॉल आटत नाहीत मॅडम, म्हणाला, तुम्ही समोर कॉफी घेऊन या, तोवर साडी तयार. मी कॉफीला गेले नाही. त्या दुकानाला लागून एक अरुंद दगडी जिना आहे, आणि त्या जिन्यावरून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास खाली येत होता. वर आता साड्यांचं गोदाम आहे. माझ्या लहानपणी तिथे आमची शाळा होती, आणि वास तेव्हाही हाच होता.

शाळेला खळीचा वास यायचा हे सांगितलं की माझ्या मुलीला गंमत वाटते. तिच्या शाळेला फिनेलचा यायचा. आमच्या शाळेला खळीचा, खडूचा, आणि थंडीच्या दिवसांत खालच्या हातगाडीवरच्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा वास यायचा. शेंगा सोलून सोलून बायकांची बोटं तेलकट व्हायची आणि तो वास मुलांच्या डब्यांतून वर्गात यायचा. डिसेंबरात सकाळी जिन्याच्या पायऱ्या इतक्या गार असायच्या की आम्ही चवड्यांवर वर जात असू.

आमची घरं या शहरातली जुनी. पूर्वज कुणा सरदाराच्या फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले, असं अप्पा म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. पुण्याहून नोकरीला आलेले लोक आता आमचं बोलणं ऐकून हसतात, तुमचं मराठी किती जुनं हो, म्हणतात. विहीणबाईही म्हणाल्या. म्हटलं, जुनं आहे म्हणूनच टिकलंय. गल्लीतली बहुतेक घरं शिवणकामाची. अप्पा ब्लाउज शिवत, आई काजं-बटणं करी, आणि आजूबाजूला दिवसभर मशीन चालत. एखाद्या दुपारी सगळ्या मशीन एकदम थांबल्या की समजायचं, वीज गेली किंवा कुणीतरी गेलं.

शाळा म्हणजे एक लांबलचक हॉल. पहिली ते चौथी, चार वर्ग, मध्ये भिंती नाहीत. ब्लाउजच्या उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून केलेले पडदे होते, त्यांनी वर्ग वेगळे व्हायचे. तिसरीचा पडदा आमच्या घरात शिवला होता, त्यात मला माझ्या मावशीच्या लग्नातला ब्लाउज ओळखू यायचा. पडद्यांतून आवाज कसा अडणार? पहिलीतली मुळाक्षरं चौथीत ऐकू यायची आणि खालच्या दुकानातली घासाघीस सगळ्यांना. आम्ही एका सुरात 'नऊ नव्वे एक्क्याऐंशी' म्हणावं आणि खालून कुणा गिऱ्हाईक बाईचा आवाज यावा, 'जास्ती आयतु.' फार झालं, म्हणजे. सगळा वर्ग हसायचा. निर्मलाबाईसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसून घ्यायच्या.

निर्मलाबाई बेळगावच्या. शिक्षिकेचा कोर्स करून इथे आल्या होत्या, राजाजीनगरात एका खोलीत भाड्यानं राहायच्या. काळ्या, उंच, केसांना भरपूर तेल. त्यांच्या मराठीला बेळगावी ठसका होता. 'गप्प बसालीस की नाही गे,' अशा त्या ओरडायच्या आणि ओरडणं आम्हाला इतकं आवडायचं की मुद्दाम ओरडून घ्यायचो. शुद्धलेखन घालताना त्या पडद्यांच्या मधून चालत राहायच्या, एका वर्गाला एक ओळ, पुढच्या वर्गाला दुसरी, आणि चारी वर्गांच्या ओळी त्यांच्या डोक्यात एकमेकींत न मिसळता राहायच्या कशा, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी तीन शिक्षिका होत्या. एक लग्न होऊन म्हैसूरला गेली, दुसरी न सांगता यायची थांबली. शाळेला सरकारचं अनुदान नव्हतं. का नव्हतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मोठी माणसं त्याबद्दल बोलायला लागली की आवाज खाली आणत. समाजातले चार म्हातारे पंच गणपतीत वर्गणी गोळा करत. ती छपराच्या पत्र्यांना पुरायची आणि बाईंच्या पगारापर्यंत पोचेपोचेतो संपायची. पगार येईल तेव्हा यायचा. बाई कुणाला काही म्हणत नसत.

मालनअक्काला ते बाईंच्या वहाणांवरून कळलं. मालनअक्का म्हणजे अप्पांची चुलत बहीण. लवकर विधवा झालेली, तोंडाची फटकळ, आणि साडीला फॉल लावण्यात गल्लीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खालच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे शेट्टरू म्हणत, ते सगळं हातकाम तिच्याकडे देत. ती एकदा मला शाळेत डबा द्यायला आली आणि दाराशी काढलेल्या बाईंच्या चिखलानं माखलेल्या वहाणा बघत उभी राहिली. घोट्यापर्यंत चिखल उडेल असा रस्ता बसनं येणाऱ्या माणसाला लागत नाही. महिनाअखेर होती. बाई राजाजीनगराहून चालत येत होत्या.

घरी येऊन ती आईला एवढंच म्हणाली की आता दर गुरुवार शाळेचा. आणि शेट्टरूंना जाऊन सांगितलं की गुरुवारी एक गठ्ठा जास्त द्या, त्याची मजुरी माझ्या हातात देऊ नका, शाळेच्या बाईंना द्या. शेट्टरूंनी कारण विचारलं नाही. गुरुवारी दुपारी शाळा सुटली की गल्लीतल्या दहा-बारा बायका सुया-दोरे घेऊन जिना चढायच्या. बाकं भिंतीला लावायची, चटया अंथरायच्या, आणि दोन रांगांत समोरासमोर बसून फॉल लावायचे. आम्ही त्याला 'शाळेचा फॉल' म्हणायचो. एखादी बाई गुरुवारी आली नाही तर दुसऱ्या दिवशी मालनअक्का तिच्या दारात उभी.

त्या काळचे फॉल सुती. पाण्यात भिजवून, आटवून, वाळवल्याशिवाय लावले तर पहिल्या धुण्याला साडी चुरगळून वर यायची. म्हणून बुधवारी सकाळीच मालनअक्का बादल्या घेऊन शाळेत यायची आणि वर्गांवर दोऱ्या बांधून ओले फॉल वाळत घालायची. बुधवार म्हणजे आमच्या डोक्यावर रंगच रंग. मोरपंखी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, चिंतामणी, लिंबू, राणी. त्यांतून टपटप पाणी पडायचं. पाटीवर लिहिलेलं अक्षर फुगून विरघळायचं आणि आम्ही बाईंना सांगायचो, बाई, पाटी रडली. बाई म्हणायच्या, रडू दे, परत लिही. वारा आला की चारी वर्गांचे फॉल एकदम हलायचे आणि फळ्यावर रंगीत उजेड सरकायचा. रंगांची नावं मी अशी शिकले. पुढे इंग्रजी शाळेतल्या बाईंनी रंगपेटी दाखवून विचारलं तेव्हा मी आमसुली म्हटलं, आणि तिथे कुणाला तो रंग माहीतच नव्हता.

ते बुधवार मला इतके आठवतात की जीव कासावीस होतो. परीक्षेतलं, बक्षिसातलं काही आठवत नाही. मानेवर पडलेला गार थेंब आठवतो.

मी चौथीत असताना होसकोट्याचं निघालं. तिथे कारखान्यांची वसाहत होती, आणि एका कारखान्यानं आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. बाईंच्या भावानं तिथे शब्द टाकला. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला दोन खोल्या, आणि मुख्य म्हणजे एप्रिल-मे दोन महिन्यांच्या सुट्टीतही पगार. आमच्याकडे सुट्टीतला पगार ही गोष्टच नव्हती. शाळा बंद तर गुरुवार बंद, गुरुवार बंद तर पगार बंद. बाई दर उन्हाळ्यात बेळगावला भावाच्या घरी जाऊन राहायच्या आणि वहिनीच्या हाताखाली सगळ्या घराचे पापड लाटायच्या. हे मालनअक्कानंच शोधून काढलं होतं. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

बाई जाणार, हे गल्लीत एका दिवसात पसरलं. बाई गेल्या तर शाळा बंद, कारण दुसरं कुणी त्या पगारावर आलंच नसतं. आम्ही मुलं त्यांच्याशी एकदम शहाण्यासारखं वागायला लागलो. फळा न सांगता पुसला जायचा. बाईंना ते कळलं असणार, कारण एकदा त्या म्हणाल्या, 'एवढं गुणी होऊ नका गे, मला सुचंना झालंय.'

मालनअक्का मात्र शेट्टरूंकडे गेली. लग्नसराई तोंडावर होती, आणि एका मोठ्या घरचं लग्न शेट्टरूंच्या दुकानात आलं होतं. सगळ्या नातेवाईक बायकांना द्यायच्या रेशमी साड्या. ते सगळं काम शाळेला द्या, तिनं सांगितलं. तेवढ्यात दोन्ही महिन्यांच्या सुट्टीचा पगार भागत होता. आणि मग भाऊ होसकोट्याचं विचारायला येईल तेव्हा बाईंच्या तोंडात उत्तर तयार असेल. शेट्टरूंनी काम दिलं, पण वार ठरवून दिला. सोमवारी सकाळी साड्या दुकानात पाहिजेत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मालनअक्काच्या लेकीचे दिवस भरले आणि तिला होसूरला जावं लागलं. जाण्याआधी ती आईला सगळं समजावत होती तेव्हा बाई तिथेच होत्या. एरवी साडीच्या कडेवर खडूनं खूण करायचं काम मालनअक्काचंच. कुठल्या कडेला फॉल लागणार ती खूण आधी झाली की बायका डोळे मिटून टाके घालत. बाई म्हणाल्या, खुणा मी करते. माझ्या पगाराचं काम आहे, मला एवढं तरी करू दे. मालनअक्कानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग सांगितलं की साडीची उलटी बाजू वर ठेवायची, पदर डाव्या हाताला, आणि आपल्या जवळची कड ती खालची, तिच्यावर खूण.

त्या बुधवारी मी शाळेत थांबले होते. बाईंनी जमिनीवर चादर अंथरली, पहिली साडी उलगडली. गर्द जांभळी, काठाला सोनेरी कोयऱ्या. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. मग उलटी केली, आणि तिचा चांगला चेहरा जमिनीला लागला. बाईंना ते बघवेना. चादरीखाली आम्हा मुलांच्या पायांची धूळ होती, सकाळपासून सांडलेलं फॉलचं पाणी होतं. त्यांनी साडी हळूच पुन्हा सुलटी केली, पदर सांगितल्याप्रमाणे डाव्या हाताला ठेवला, जवळच्या कडेवर खडूची बारीक रेघ मारली. मग दुसरी. प्रत्येक साडी त्या अशाच अलगद सुलटी ठेवत होत्या. जन्मात त्यांनी एवढं रेशीम एकत्र बघितलं नसेल. मीही बघितलं नव्हतं. आम्ही दोघी त्या संध्याकाळी फार आनंदात होतो.

साडी सुलटी ठेवली आणि पदर डावीकडेच राहिला, की जवळची कड ही वरची होते. कमरेत खोचायची. हे मला पुढे कळलं.

गुरुवारी शाळा लवकर सोडली आणि बायका दुपारपासून बसल्या. शुक्रवारीही बसल्या. आईला पहिल्याच साडीला शंका आली होती, असं तिनं नंतर सांगितलं. समोरच्या रांगेतल्या एका काकूंनाही आली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. खूण बाईंच्या हातची, खडू बाईंचा. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं चूक असेल असं आमच्या गल्लीत कुणाच्या मनात येत नसे, मग साडीवरचं कसं येईल? मोठ्या लोकांच्या साड्या आहेत, त्यांच्यात असंच नेसत असतील, असं आईनं स्वतःला समजावलं. हॉलमध्ये सुयांचा आवाज येत नाही, पण इतक्या बायका एकदम रेशीम सरकवतात तेव्हा पानं वाजल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. बाई मध्येच सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आल्या. त्या दिवशीची ती कॉफी मला अजून आठवते, स्टीलच्या पेल्यात, काठापर्यंत फेस.

शनिवारी सकाळी मालनअक्का आली. नात झाली होती, तोंड गोड करायला मैसूरपाक आणला होता. आमच्या घरी आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातली वरची साडी तिनं उचलली, अंगाला लावून बघितली, मग दुसरी, मग तिसरी. मैसूरपाकाचा पुडा तसाच राहिला. ती आईला इतक्या हळू आवाजात बोलली की मला भीती वाटली. मालनअक्काला मी हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्या उसवा. आणि बाईंना कळता कामा नये. कळलं तर त्या लाजेनं उद्याच होसकोट्याची बस धरतील."

शाळा अर्धा दिवस भरली होती, बाई वर शिकवत होत्या, आणि खाली आमच्या घरात गल्लीतल्या साऱ्या बायका दारं लोटून फॉल उसवत होत्या. शाळा सुटल्यावर आम्हा मुलींनाही बसवलं. ब्लेडनं टाका उचलायचा, दोरा ओढायचा, रेशमाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. लग्नघरच्या साड्यांना मुलींनी हात लावायचा नाही हा नियम त्या दिवशी मोडला. जिथून टाका निघे तिथे सुईची बारीक भोकं राहत. ती बुजवायचं काम अप्पांचं. त्यांनी आपलं मशीन बंद ठेवलं, ओलं फडकं घातलं, कोमट इस्त्री फिरवली आणि नखानं एकेक भोक घासून मिटवलं. अप्पा शाळेबद्दल कधी चांगलं बोलत नसत. मराठी शिकून पोट भरतं काय, हे त्यांचं नेहमीचं. पण त्या दिवशी त्यांनी जेवायलाही इस्त्री थंड होऊ दिली नाही. रविवारीही तेच. उसवायचं, इस्त्री, पुन्हा लावायचं. आईच्या बोटाला चीर पडली तर तिनं तिच्यावर हळद न लावता चिंधी बांधली, कारण हळदीचा डाग साडीला लागला असता.

दुपारी बाई आल्या. रविवारी त्या कधी येत नसत. भाजीला म्हणून बाहेर पडले, दारावरून जाताना वाटलं, म्हणाल्या. मालनअक्का दारात आडवी झाली आणि म्हणाली, आत पाहुणे आहेत, मुलगी बघायला आलेत. आत मुलगी म्हणावी अशी मीच, दहा वर्षांची. बाई गोंधळल्या, माझ्याकडे बघितलं, आणि बरं म्हणून निघून गेल्या. दार लागल्यावर बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. मालनअक्काही हसली. मग डोळे पुसून पुन्हा सुई उचलली.

सोमवारी साड्या गेल्या. शेट्टरूंनी एका साडीचा काठ अंगठ्यानं चाचपला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मग मालनअक्काकडे बघून फक्त 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाले, आणि गठ्ठा आत ठेवला. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मजुरी त्यांनी स्वतः जिना चढून बाईंच्या हातात दिली.

बाईंचा भाऊ आला तो पुढच्या आठवड्यात. शाळेच्या दारातच दोघं बोलत होती आणि आम्ही पडद्याआडून कान देऊन. तो समजावत होता की तिथे नोकरी आहे, इथे उपकार आहे. बाईंनी आत वर्गाकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "तिथं मला कोण ओळखतंय? हितं माझ्यासाठी बायका बोटं फोडून घेतात." आईच्या बोटावरची चिंधी त्यांनी बघितली होती. कशासाठी फुटलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ एकटाच परत गेला, आणि आम्ही मुलांनी त्या दिवशी जिन्यावर इतका धिंगाणा घातला की खालून शेट्टरूंनी काठी आपटली.

शाळा वाचली होती. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठ्या विजयाचं वर्ष, असं मी तेव्हा म्हणाले असते.

जूनमध्ये आईनं मला राजाजीनगरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. चौथीनंतर कुठेतरी जावं लागणारच होतं, पण धाकट्या भावालाही तिनं तिथेच घातलं, आणि तो तर पहिलीत होता. गल्लीतल्या सगळ्यांनीच तसं केलं. मी आईला विचारलं, मग बाईंसाठी एवढं का केलंस? ती म्हणाली, ते वेगळं, हे वेगळं. बाईंनी दाखला लिहून दिला. आईनं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि मला विचारलं की काय लिहिलंय. आई कन्नड शाळेत चार वर्षं गेलेली. मराठी तिच्या तोंडात होतं, डोळ्यांत नव्हतं. बसची पाटी, दुकानाची पाटी ती वाचायची, पण घरातल्या पोथीला नुसता नमस्कार करायची. मी दाखला वाचून दाखवला. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पुढची वर्षं मी बाईंना रोज बघितलं, आणि रोज लांबून. त्या राजाजीनगराहून चिकपेटेकडे यायच्या, मी चिकपेटेहून राजाजीनगरला जायची. सकाळी रस्त्याच्या एका बाजूला मी, गळ्यात टाय, पायात बूट, आणि पलीकडच्या स्टॉपवर बसमधून उतरलेल्या त्या, बगलेत छत्री. त्यांच्याकडे आता बसला पैसे असायचे. त्या छत्री वर करून दाखवायच्या. मी हात करायची, आणि बस आली की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याचंच वाईटही वाटायचं. त्यांच्या वर्गांतले पडदे एकेक करून निघाले. चार वर्गांचे दोन झाले, मग सगळी मुलं एकाच कोपऱ्यात बसायला लागली. पण गुरुवार चुकला नाही. ज्यांची मुलं इंग्रजी शाळेत जात त्याच बायका जिना चढून मराठी शाळेच्या बाईंचा पगार शिवत होत्या. आम्हा मुलांना ते हास्यास्पद वाटायचं. आम्ही इंग्रजीतून त्यावर विनोद करायचो, म्हणजे त्यांना कळू नयेत.

गोदामाचा माणूस आता जिन्यातून खाली आला. काय पाहिजे, त्यानं कन्नडमध्ये विचारलं. म्हटलं, वर शाळा होती. त्यानं मान हलवली, त्याला काही माहीत नव्हतं. वर फक्त माल आहे अक्का, म्हणाला, आणि बाजूला होऊन मला जागा दिली, हवं तर बघा. मी दोन पायऱ्या चढले आणि थांबले. पायरी तशीच गार होती. वर गेले असते तर गठ्ठेच दिसले असते, आणि मला जे बघायचं होतं ते मी त्याच जिन्यावरून एकदा बघितलेलं आहे.

मी तेव्हा नववीत. त्या जूनमध्ये शाळेत एकही मूल आलं नव्हतं. त्या गुरुवारी काय झालं ते आईनं मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बायका नेहमीसारख्या वर गेल्या, चटया घातल्या, गठ्ठा सोडला. बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "आता पुरे. शिकवायला कुणी नाही तर पगार कसला? फुकटचं खाववत नाही मला." एक-दोघी रडायला लागल्या. मालनअक्कानं सुईत दोरा ओवला होता, तो तिनं काढून टाकला. ती म्हणाली, "बाई, पगार आम्ही देतो. मग शिकणार कोण ते पण आम्हीच ठरवतो. आम्हाला अजून मराठीत आमचं नाव लिहायला येत नाही. तुम्ही सुम्मने जाणार काय?" सुम्मने म्हणजे उगीच, काही न करता.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या गुरुवारी मी शाळेतून आले, घराच्या दाराला कुलूप, किल्ली आईकडे. चिडून जिना चढले. वर साड्यांचा गठ्ठा कोपऱ्यात तसाच पडला होता. भिंतीला लावलेली बाकं पुन्हा मध्ये आली होती, आणि पहिलीच्या त्या बुटक्या बाकांवर गल्लीतल्या बायका गुडघे छातीशी घेऊन कशाबशा बसल्या होत्या. फळ्यापाशी निर्मलाबाई, हातात खडू. आई दुसऱ्या बाकावर, मांडीवर पाटी, जिभेचं टोक बाहेर, आणि पाटीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर, वाकडं आणि भलं मोठं. मी दारातून म्हटलं, आई, किल्ली दे. तिनं मान वर केली नाही.

"स्वल्प थांब," ती म्हणाली. "माझा तास चाललाय."